दुकानं मोजताना सगळी दारं मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी एकवीस वर्षं दारूच्या दुकानात काउंटरला होतो. सोळा वर्षं देशीच्या दुकानात, पाच वर्षं त्याच मालकाच्या बीअर शॉपीत. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साखर कारखाना, एसटी स्टँड, सोमवारचा बाजार, एवढाच त्याचा पसारा. माझ्या नावाचा नोकरनामा, म्हणजे काउंटरला काम करायची परवानगी, एक्साईजच्या (राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या) शिक्क्यासह दुकानाच्या भिंतीवर लावलेला असायचा. ते काम सोडून आता सहा वर्षं झाली. हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिलं आहे ते गल्ल्यावर बसून पाहिलेलं आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये ३२८ नव्या वाईन शॉपच्या परवान्यांवरून मोठा गदारोळ झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. मद्य बनवणाऱ्या ४१ कंपन्यांना प्रत्येकी ८ परवाने देण्याचा तो प्रस्ताव. बातम्या आल्या, आरोप झाले, विधिमंडळाला विश्वासात घेतल्याशिवाय नवे परवाने देणार नाही असं सरकारने सभागृहात सांगितलं, आणि विषय मागे पडला. मलाही वाटलं, चला, थांबलं. पण गेल्या महिन्यात आमच्या गावात शाळेकडे वळणाऱ्या रस्त्यावर एका नव्या परमिट रूमचा, म्हणजे बसून प्यायच्या बारचा, बोर्ड चढला. त्याची कुठेही बातमी झाली नाही, व्हायचं कारणही नव्हतं. म्हणून हे पत्र.

त्या वेळी नव्या परवान्यांच्या बाजूने एक मुद्दा मांडला गेला. वाईन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून बंद आहेत. तेव्हा राज्याची लोकसंख्या पाच कोटी होती, २०११ च्या जनगणनेतच ती सव्वाअकरा कोटींवर गेली. दुकानं तेवढीच, माणसं दुपटीहून जास्त, मग दुकानं कमीच नाहीत का? ऐकायला बिनतोड वाटतं. ज्याने हा धंदा आतून पाहिला नाही त्याला ते पटेलही.

यात गफलत कुठे आहे ते सांगतो. बंदी आहे ती फक्त दोन प्रकारच्या दारांवर. परमिट रूम आणि बीअर शॉपी यांचे परवाने त्या बंदीत येत नाहीत, ते मिळत राहतात. १९९८ साली मी कामाला लागलो तेव्हा आमच्या गावात एक देशीचं दुकान, एक वाईन शॉप आणि स्टँडसमोर एक परमिट रूम होती. एकूण तीन दारं. आज वाईन शॉप एकच आहे. देशीची दोन झाली, कारण एक परवाना दुसऱ्या गावाहून स्थलांतर होऊन आला. परमिट रूम नऊ आणि बीअर शॉपी चार. तिनाची सोळा झाली, आणि कागदावर मात्र ‘पन्नास वर्षं परवाने बंद’. पिणाऱ्याच्या यकृताला परवान्याचा प्रकार कळत नाही, त्याला दार उघडं आहे एवढंच कळतं.

दुकान वाढलं की काय होतं, हे मी हिशेबाच्या वहीत पाहिलं आहे. २०१४ साली मालकाने बीअर शॉपी काढली तेव्हा त्यांना एकच काळजी होती, की आपलंच गिऱ्हाईक इकडून तिकडे जाईल. देशीच्या दुकानापासून नवी शॉपी चालत सात-आठ मिनिटांवर. मला दोन्हीकडचा महिन्याचा हिशेब वेगळा ठेवायला सांगितला होता. पहिले दोन महिने देशीचा गल्ला थोडा उतरला. तिसऱ्या महिन्यात तो जिथल्या तिथे आला आणि शॉपीचा सगळा धंदा वर. गिऱ्हाईक वाटलं गेलं नाही, नवं तयार झालं. कोण होतं ते? ज्यांना देशीच्या दुकानात पाय ठेवायची लाज वाटायची ते. एका बाजूला झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला मोबाईल रिचार्ज, मधे आमचं काचेचं फ्रीज. लांबून पाहणाऱ्याला कोल्ड्रिंकचं दुकान वाटावं असं ते सगळं सजवलेलं. क्लासमधून सुटलेली मुलं तिघांत एक बाटली घ्यायची. पैसे चिल्लरीत, दहा-दहाची नाणी काउंटरवर रचून. त्यांचं वय मी विचारलं नाही. महाराष्ट्रात बीअर-वाईनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, हे मला पाठ होतं. तरीही विचारलं नाही.

एवढंच नाही. आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला, प्यायला परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे? कायदा १९४९ चा, दारूबंदीचाच, आजही लागू आहे. देशीचा एक दिवसाचा परवाना २ रुपयांचा, विदेशीचा ५ रुपयांचा, वर्षाचा १०० आणि तहहयात १००० रुपयांचा. एकदिवसीय परवान्यांची पुस्तकं दुकानातच असायची. गिऱ्हाइकाला त्याचं नाव कोण विचारतो? महिनाअखेरीला शटर अर्धं ओढून आम्ही दोघं नोकर बसायचो आणि विक्रीच्या हिशेबाला जुळेल इतकी पुस्तकं भरून काढायचो. नावं सुचेनाशी झाली की जुनी मतदारयादी समोर घ्यायची. गावातल्या माळकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, मयत माणसांच्या नावानेसुद्धा मी परवाने फाडले आहेत. ही माझी चूक आहे आणि ती मी इथे कबूल करतो.

ही कबुली देण्याचं कारण असं, की परवाना, वय, वेळ, रजिस्टर या सगळ्या गोष्टी काउंटरच्या आत घडतात आणि काउंटरच्या आत काय घडतं ते बाहेरून दिसत नाही. एक्साईजचा एक निरीक्षक किती दुकानांत किती वेळ उभा राहणार? दुकान आहे की नाही हे मात्र सगळ्या गावाला दिसतं. दारांची संख्या खोट्या नावाने भरता येत नाही. सरकारला खरोखर हातात धरता येईल असा हा लगाम आहे, आणि तोच सैल सोडलेला आहे.

आता एका माणसाबद्दल लिहितो. कारखान्यात फिटर होता. नाव देत नाही, त्याची मुलं गावात आहेत. सकाळी आठला आम्ही कुलूप काढायचो तेव्हा चार-पाच जण आधीच ओट्यावर बसलेले असायचे, त्यातला तो एक. त्याचे हात इतके थरथरायचे की ग्लास दोन्ही हातांनी धरून तोंड खाली न्यावं लागायचं. बाटलीचं बूच त्याला उघडता यायचं नाही, ते मी उघडून द्यायचो. पहिला घोट पोटात गेला की पाच मिनिटांत हात स्थिर, मग तो शर्टाची बटणं नीट लावायचा आणि कामावर जायचा. ज्यांना व्यसन म्हणजे हौस वाटते त्यांनी ती पाच मिनिटं एकदा पाहावीत.

एके वर्षी आषाढात त्याने सोडली. सोडली म्हणजे एकट्याने, दात-ओठ खाऊन. डॉक्टर नाही, औषध नाही. (केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. तो उरलेल्या ३७ मधला.) बाजारात भेटला तेव्हा त्याने मला उपाय सांगितला. कारखान्यातून घरी जायला त्याच्या नेहमीच्या दोन वाटा. मोठ्या रस्त्याने गेलं की आमचं देशीचं दुकान आणि परमिट रूम लागायची. दुसरी वाट शाळेमागून, दूध डेअरीवरून. दहा मिनिटं जास्त, पण त्या वाटेवर दारूचं एकही दार नव्हतं. तो रोज त्या वाटेने जायचा, डेअरीवर अर्धा लिटर दूध घ्यायचा आणि घरी पोहोचायचा. ‘तुमचं दुकान दिसलं नाही की जमतंय,’ असं मला म्हणाला. अकरा महिने जमलं.

मालकाची बीअर शॉपी उघडली ती डेअरीच्या शेजारी. काउंटरला मी. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. तीन-चार दिवस मान खाली घालून दुधाची किटली घेऊन निघून गेला. पाचव्या दिवशी काउंटरला आला आणि म्हणाला, ‘बीअरच आहे, दारू कुठाय ती.’ मी बाटली दिली. पिशवीत घालून, सुटे पैसे परत करून दिली. महिन्याभरात तो पुन्हा सकाळी आठला देशीच्या ओट्यावर दिसू लागला. पुढे पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, जिल्ह्याच्या दवाखान्यात दोनदा पाणी काढलं. सेहेचाळीसाव्या वर्षी गेला. तेराव्यानंतर त्याची बायको दुकानात आली आणि उधारी किती आहे विचारलं. दोन हजार तीनशे चाळीस होती. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून मोजून दिले आणि वहीतलं ते पान फाडून मागितलं. मी फाडून दिलं. त्यानंतर आठवड्याभरात मी काम सोडलं.

तो माणूस मनाने दुबळा होता असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगेन, अकरा महिने रोज दहा मिनिटं जास्त चालणारा माणूस दुबळा नसतो. त्याला जगायला एक बिनदाराची वाट पुरत होती. ती वाट कायदेशीर परवान्याने, शुल्क भरून, शिक्क्यानिशी बंद झाली. परवाना देताना ७५ मीटरचं अंतर मोजलं गेलं असेल, शाळेपासून, देवळापासून, एसटी स्थानकापासून. मोजणी होते ती माणूस पायी जाईल त्या वाटेने, दारापासून दारापर्यंत. म्हणून कुठे दरवाजा मागे काढतात, कुठे कंपाउंडचं फाटक बुजवून दुसरीकडे पाडतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, तेव्हा केरळातल्या एका बारने दारासमोर भुलभुलैयासारख्या वळणावळणाच्या भिंती बांधून अंतर वाढवून दाखवलं. काही राज्यांनी रस्त्यांचा दर्जाच बदलून घेतला. मीटर मोजण्यात पळवाट निघतेच. आणि सोळा दुकानांच्या गावात प्रत्येक दुकान आपापल्या जागी नियमात बसलं, तरी सगळी मिळून गावाला वेढतात त्याचं माप कुठल्याच फॉर्मवर नाही.

आणखी एक गोष्ट, जी धंद्यातले सगळे जाणतात आणि बोलत नाहीत. परवान्याचं एक दुकान म्हणजे एकच दुकान नसतं. संध्याकाळी मोटारसायकलला पोतं बांधून पेट्या वाडीवस्तीवर जातात. टपरीवर, ढाब्यावर, एखाद्या घराच्या पडवीत. ड्राय डेच्या आदल्या दिवशी तर आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. अवैध विक्रीवर छापे घालायचेच, पण तो माल येतो कुठून? बराचसा आमच्यासारख्याच काउंटरवरून. अधिकृत दारं वाढवली की त्यांच्या या फांद्याही वाढतात.

मी दारूबंदी मागत नाही. वर्धा १९७५ पासून, गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. गडचिरोलीत ती लोकांनी, विशेषतः बायांनी, लढून मिळवली, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. चंद्रपूरची बंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. विषारी दारू बंदीमुळेच येते असंही नाही. जून २०१५ मध्ये मालवणीत तिने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मुंबईत, जिथे बंदी नव्हती. पण एप्रिल २०२१ मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. ज्याचे हात थरथरतात त्याचं दार एका रात्रीत बंद केलं तर तो काहीही पिईल, हे मी ओट्यावर बसलेल्यांकडे पाहून सांगू शकतो. बंदी आणि मोकळं रान यांच्यामध्ये खूप मोठी जागा आहे आणि ती संख्येची आहे. तमिळनाडूत तर दारूची दुकानं सरकारच चालवतं, महसूल थेट त्याच्याच खिशात जातो. तरी तिथे २०१६ मध्ये ५००, २०१७ मध्ये ५०० आणि २०२३ मध्ये पुन्हा ५०० दुकानं बंद करण्यात आली. दुकानं कमी करता येतात एवढं तरी त्यावरून दिसतं.

आपल्याकडे संख्या कमी करण्याचा एक रस्ता कायद्यात आहे, बायांनी मतदानाने दुकान बंद करण्याचा. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान. आमच्या शेजारच्या गावात ते झालं तेव्हा मी अजून नोकरीत होतो आणि मालकाने मला अंदाज घ्यायला पाठवलं होतं. सकाळपासून रांग. एका म्हातारीला नातवाने पाठुंगळीवर आणलं होतं. उभ्या बाटलीला शंभर मतंसुद्धा पडली नाहीत. तरी दुकान राहिलं! कारण आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत कोण होतं? लग्न होऊन दहा वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या मुली. मुंबई-पुण्याला राहणाऱ्या सुना. ऊसतोडीला गेलेल्या बाया. मेलेल्या म्हाताऱ्या. त्या सगळ्यांची गैरहजेरी दुकानाच्या बाजूने मोजली गेली. सरपंच निवडायला झालेली मतं पुरतात, आमदार निवडायला पुरतात, मग दारूचं दुकान हलवायलाच सगळी यादी का उठवावी लागते? आणि दुकान हललं तरी परवाना पुष्कळदा मरत नाही, तो दुसऱ्या गावाला अर्ज करतो. आमच्याकडचं दुसरं देशीचं दुकान असंच आलं. एका गावाच्या बायांनी जिंकलं ते आमच्या गावाच्या बायांच्या दारात येऊन बसलं.

मार्च २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवं बीअर किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगला निर्णय आहे. पण जे सोसायटीला मिळालं ते गल्लीला का मिळू नये? आमच्या शाळेमागच्या वाटेवर सोसायटी नाही, पत्र्याची घरं आहेत. तिथल्या बायकांना कुणी विचारायचं?

महसुलाचं मला कळतं. जून २०२५ मध्ये भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं, देशीच्या १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये ठरली, आणि या सगळ्यातून वर्षाला आणखी १४ हजार कोटी येतील असं सांगितलं गेलं. भाव वाढला की नवखी मुलं थोडी लांब राहतात, तेवढा फायदा मी नाकारत नाही. पण ओट्यावरचा माणूस भाव वाढला म्हणून थांबत नाही, तो घरातल्या किराण्यातून तेवढे काढतो. जागतिक आरोग्य संघटना २०१९ या एका वर्षात दारूमुळे जगात २६ लाख मृत्यू झाल्याचं सांगते, आणि उपायांत किंमत, जाहिरात आणि दारू किती सहज हाताशी मिळते, या तिन्हींवर बोट ठेवते. आपण किमतीला हात घातला, कारण त्यातून पैसा येतो. दारं कमी करण्यातून पैसा येत नाही, म्हणून ते राहून जातं.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक गावाची, प्रत्येक वॉर्डाची सगळी दारं एकत्र मोजावीत, वाईन शॉप, देशी, परमिट रूम, बीअर शॉपी, सगळी, आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या फळ्यावर लावावा. लोकसंख्येमागे एक मर्यादा ठरवावी. ती ओलांडलेल्या ठिकाणी नवा परवाना नको आणि बाहेरून स्थलांतरही नको. मालक मेला, धंदा बंद पडला, परवाना रद्द झाला, की ते दार कायमचं मिटावं. परवान्याचा अर्ज ज्या टेबलावर मंजूर होतो तिथे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला बसवावं. यकृताचे किती रुग्ण आले, दारू पिऊन झालेले किती अपघात आले, किती बाया डोकं फुटून टाके घालायला आल्या, हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. आणि बाटलीच्या मतदानात झालेली मतं मोजावीत.

मी चौकटीच्या वहीत आमच्या गावाचा नकाशा काढला आहे. सोळा दारं लाल पेनाने, शाळा, दवाखाना, स्टँड, डेअरी निळ्याने. कारखान्याच्या गेटपासून त्या फिटरच्या घरापर्यंत किती वाटा आहेत त्या पेन्सिलने काढल्या आहेत. शाळेमागची, ओढ्याकडून जाणारी आणि मोठा रस्ता, अशा तीन निघाल्या. तिन्हींवर लाल खूण आहे. नकाशाची एक प्रत एक्साईजच्या जिल्हा कार्यालयात टपालाने पाठवली, पोच अजून आलेली नाही. दुसरी प्रत या पत्रासोबत जोडत आहे.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा